मताला पाकीट, पदाला बोली : देणाराही गुन्हेगार, घेणाराही! निवडणुकीतल्या लाचेबद्दल कायदा नेमका काय सांगतो?

कोल्हापूर : निवडणूक ग्रामपंचायतीची असो, जिल्हा परिषदेची असो की विधानसभेची, कोल्हापूर जिल्ह्यात ती टोकाच्या ईर्ष्येनं होते. जोडण्या लागतात, भावकीचे हिशेब निघतात, तालीम मंडळांच्या बैठका झडतात आणि शेवटच्या दोन रात्रीत पाकिटं फिरल्याची चर्चा गावागावांत होते. ‘एवढं तर चालतंच की’ असं म्हणून हा विषय हसण्यावारी नेला जातो. कायद्याच्या पुस्तकात मात्र हे ‘चालत’ नाही. पैसे देणारा जेवढा गुन्हेगार, तेवढाच घेणाराही आहे. गावानं एकत्र बसून, देवळाच्या बांधकामासाठी म्हणून पदाची बोली लावली तरी ती बेकायदाच ठरते. महाराष्ट्रातल्या दोन गावांची सगळी निवडणूकच अशा बोलीमुळे रद्द झाली होती. पाकिटापासून जेवणावळीपर्यंत आणि लिलावापासून भंडाऱ्याच्या शपथेपर्यंत कायदा काय म्हणतो, तक्रार कुठे करायची आणि त्यातल्या अडचणी कोणत्या, ते सविस्तर पाहू.

उमराणे आणि खोंडामळी : दोन गावांत काय घडलं?

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४ हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक लागली होती. १५ जानेवारीला मतदान होतं. त्याआधीच नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांत पदांचा जाहीर लिलाव झाल्याच्या बातम्या आल्या. लिलावाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. उमराण्यात बोली २ कोटी ५ लाखांवर आणि खोंडामळीत ४२ लाखांवर गेल्याचं सांगितलं गेलं. हा पैसा कुणाच्या खिशात जाणार नव्हता, तो मंदिराच्या कामासाठी होता, असा गावांचा मुद्दा होता.

राज्य निवडणूक आयोगानं जिल्हाधिकारी आणि इतर अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवले, व्हिडिओ पाहिले. मतदानाला दोन दिवस उरले असताना, १३ जानेवारी २०२१ रोजी तत्कालीन राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केल्याचं जाहीर केलं. संबंधितांवर गुन्हे नोंदवण्याच्या सूचनाही दिल्या गेल्या.

‘पैसा देवळाला गेला, मग बिघडलं कुठं?’ हा प्रश्न आजही पारावर विचारला जातो. उत्तर सोपं आहे. लिलावात पद त्यालाच मिळतं, ज्याची बोली मोठी. दोन एकरवाला शेतकरी, भूमिहीन मजूर, एकटी राहणारी विधवा, मागासवर्गातला शिकलेला तरुण यांना त्या लिलावात उभंच राहता येत नाही. ज्याला बोली लावता येत नाही त्याला ‘गावाच्या विरोधात जाऊ नको’ म्हणून गप्प बसवलं जातं. आणि मतदाराला तर मतच द्यायला मिळत नाही. म्हणजे एका व्यवहारात दोन हक्क जातात : उभं राहायचा आणि मत द्यायचा.

मग गाव बिनविरोध करायचंच नाही का?

करायला कायद्याची आडकाठी नाही. गट एकत्र बसले, चर्चा झाली, कुणी स्वतःहून अर्ज मागं घेतला आणि जागेइतकेच उमेदवार उरले, तर ती निवडणूक कायदेशीर बिनविरोध. कोल्हापूर जिल्ह्यातही अनेक लहान गावं भांडणं टाळायला असं करतात.

फरक पडतो तो ‘कशाच्या बदल्यात’ या प्रश्नावर. अर्ज मागं घे म्हणून रोख रक्कम दिली, नोकरी लावतो म्हटलं, कर्ज फेडतो म्हटलं, की ती लाच झाली. कारण कायद्यात ‘निवडणूकविषयक हक्क’ म्हणजे फक्त मत देणं नाही. उभं राहणं, उभं न राहणं, अर्ज मागं घेणं, न घेणं, मत देणं आणि मत न देणं हे सगळे हक्कच आहेत. यातल्या कुठल्याही हक्कासाठी मोबदला दिला-घेतला की गुन्हा घडतो. धमकी देऊन किंवा गावातून वाळीत टाकायची भीती घालून अर्ज काढायला लावला, तर तो ‘गैरवाजवी दबावा’चा वेगळा गुन्हा.

कायद्यात लाच कशाला म्हणतात?

निवडणुकीतल्या लाचेचा गुन्हा आपल्याकडे नवा नाही. इंग्रजांच्या काळात, १९२० मध्ये, भारतीय दंड संहितेत निवडणूक गुन्ह्यांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. त्यात लाचेसाठी कलम १७१ (ब) आणि शिक्षेसाठी १७१ (ई) होतं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता लाचेची व्याख्या कलम १७० मध्ये आणि शिक्षा कलम १७३ मध्ये आहे. कलमांचे आकडे बदलले, मूळ मजकूर जवळपास तोच राहिला.

लोकसभा आणि विधानसभेसाठी त्याशिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ आहे. त्याच्या कलम १२३ मध्ये ‘भ्रष्ट आचार’ कोणते ते दिलं आहे आणि त्यात पहिलाच मुद्दा लाचेचा आहे. ग्रामपंचायतीला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि जिल्हा परिषद-पंचायत समितीला १९६१ चा अधिनियम लागू होतो. फौजदारी गुन्हा मात्र सगळ्यांना एकच, न्याय संहितेतला.

या कायद्यांतले चार मुद्दे प्रत्येक मतदारानं लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला, लाच म्हणजे फक्त नोटा नाहीत. साडी, कुकर, भिंतीवरचं घड्याळ, मोबाइल रिचार्ज, मुलाला चिकटवून देण्याचं आश्वासन, देवदर्शनाची फुकट सहल, सगळं त्यात येतं.

दुसरा, प्रत्यक्ष दिलंच पाहिजे असं नाही. ‘देतो’ म्हणणं, देऊ करणं, देण्याचा प्रयत्न करणं हेही दिल्यासारखंच धरलं जातं. तसंच ‘द्या’ म्हणून मागणं किंवा घ्यायला तयार होणं म्हणजे घेतल्यासारखंच.

तिसरा, मतदानाआधीच दिलं पाहिजे असंही नाही. ‘आत्ता मत द्या, गुलाल पडला की बघू’ असं म्हणून निकालानंतर दिलेलं बक्षीसही लाचच.

चौथा, ज्याला दिलं त्यानंच मत द्यायला हवं असं नाही. घरातल्या कर्त्याला, गल्लीतल्या म्होरक्याला किंवा मंडळाच्या अध्यक्षाला ‘एवढी मतं बघ’ म्हणून दिलेली रक्कमही त्यात येते. मंडळाला साऊंड सिस्टीम, तालमीला व्यायामाचं साहित्य, बचत गटाला भांडी हे निवडणुकीच्या तोंडावर आणि मतांच्या बदल्यात दिलं गेलं, तर ‘देणगी’ या नावानं ते सुटत नाही.

‘पैसे घेतले, पण मत मनासारखंच दिलं’

गावात हा हुशारीचा मार्ग समजला जातो. ‘दोघांचं घ्यायचं, द्यायचं त्यालाच द्यायचं.’ अनेक पुढारीही भाषणात गमतीनं हेच सांगतात. कायदा मात्र या पळवाटेला आधीच कुलूप लावून बसला आहे. जे करायचा आपला इरादा नाही त्यासाठी पैसे घेतले, किंवा जे केलंच नाही त्याचं बक्षीस घेतलं, तरी ‘लाच घेतली’ असंच धरायचं, असं कलमातच लिहिलं आहे. पैसे हातात घेतले त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो. नंतर बटण कुठलं दाबलं हा मुद्दा उरत नाही.

निवडून आलेल्यांनाही हेच तत्त्व लागू होतं. झारखंडच्या आमदार सीता सोरेन यांच्यावर २०१२ च्या राज्यसभा निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराकडून पैसे घेतल्याचा आरोप होता. प्रत्यक्षात मत त्यांनी स्वतःच्या पक्षाच्या उमेदवारालाच दिलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ४ मार्च २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला : मतासाठी लाच घेणाऱ्या आमदार-खासदाराला विशेषाधिकाराचं संरक्षण नाही आणि लाच स्वीकारली की गुन्हा पूर्ण होतो, ठरल्याप्रमाणे मत दिलं की नाही हे गौण.

जेवणावळी, ढाबा आणि ‘रस्सा मंडळ’

तांबडा-पांढरा रस्सा हा कोल्हापूरचा अभिमान. निवडणुकीत मात्र तोच रस्सा प्रचाराचं हत्यार होतो. ढाब्यावर कूपन चालतं, मळ्यात बोकड पडतं. मतांसाठी दिलेलं खाणं-पिणं, करमणूक याला न्याय संहितेत लाचेचाच एक प्रकार मानलं आहे. शिक्षा तेवढी सौम्य : अशा खानपानाला फक्त दंड आहे, कैद नाही.

मग कार्यकर्त्याला दिलेला चहा-वडापावही गुन्हा का? नाही. प्रचाराला दिवसभर राबणाऱ्या माणसाचा खरा, वाजवी खर्च लाचेत मोजत नाहीत. तो उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबात मात्र दाखवावा लागतो. गावची जत्रा, लग्न, बारसं याचं जेवणही आपोआप गुन्हा ठरत नाही. जेवण कशासाठी दिलं हा खरा प्रश्न. पण ‘वाढदिवसा’चं जेवण बरोबर मतदानाच्या आधल्या आठवड्यात आलं, दारात उमेदवाराचं पत्रक वाटलं गेलं आणि भाषण झालं, तर वाढदिवस फक्त नावाला उरतो.

दारूचं वेगळं. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास मतदान क्षेत्रात दारू विकणं, देणं, वाटणं याला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ (क) नं बंदी आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपला जिल्हा कर्नाटकाला लागून आणि गोव्याच्या वाटेवर. त्यामुळं निवडणुकीच्या काळात चंदगड, आजरा, कागलकडच्या रस्त्यांवर ‘गोवा बनावटी’च्या दारूसाठी तपासणी कडक होते, ती याचसाठी.

भंडारा उचलून घेतलेली शपथ

पाकीट दिल्यावर ‘मत फिरणार नाही ना?’ ही धास्ती देणाऱ्याला असते. म्हणून देवासमोर नेऊन भंडारा उचलायला लावणं, नारळावर हात ठेवायला लावणं, लेकराची आण घ्यायला लावणं असे प्रकार होतात. साधी-भोळी माणसं, विशेषतः म्हातारी माणसं, या शपथेत अडकतात.

कायद्याची बाजू इथं मतदाराला धीर देणारी आहे. ‘असं केलं नाहीस तर देवाचा कोप होईल’ अशी भीती मतदाराच्या किंवा उमेदवाराच्या मनात घालणं किंवा घालण्याचा प्रयत्न करणं, याला न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये ‘गैरवाजवी दबाव’ म्हटलं आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत. म्हणजे शपथ घ्यायला लावणाराच अडचणीत येतो. अशी शपथ मोडली म्हणून मतदाराला कुठलाही कायदा जाब विचारत नाही.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्या

शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, चंदगड, आजरा, भुदरगड या डोंगरी भागातली हजारो माणसं मुंबई-पुण्यात कामाला आहेत. नाव गावच्या यादीत असतं. मतदानाच्या आदल्या रात्री ट्रॅव्हल्स भरून येतात, परतीचं तिकीट आणि वर हातखर्च ठरलेला असतो, अशी चर्चा प्रत्येक निवडणुकीला होते.

स्वतःच्या खर्चानं एसटीनं, रेल्वेनं, स्वतःच्या गाडीनं येऊन मत देणं हा मतदाराचा हक्कच आहे. पण लोकसभा-विधानसभेला उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्या कुणी मतदारांना केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी वाहन भाड्यानं घेणं हा भ्रष्ट आचार आहे. त्याशिवाय वेगळी शिक्षाही आहे. आणि मत द्यावं म्हणून दिलेलं तिकीट, हातखर्च या गोष्टी लाचेच्या व्याख्येत बसतात. मग निवडणूक ग्रामपंचायतीची असली तरी.

जाहीरनामा आणि सरकारी योजना लाच आहे का?

‘सरकारनं खात्यावर पैसे टाकले तर चालतं, आम्ही दिले तर गुन्हा?’ हा प्रश्न कार्यकर्ते हमखास विचारतात. कायद्यात याचं उत्तर आहे. सार्वजनिक धोरण जाहीर करणं किंवा सत्तेत आल्यावर सार्वजनिक काम करण्याचं आश्वासन देणं ही लाच नाही, असं कलम १७० मध्येच म्हटलं आहे. ‘निवडून आलो तर गावाला पाण्याची टाकी बांधू’ हे आश्वासन. ‘निवडून आलो तर तुझ्या घरापुढं बोअर मारून देतो’ हा सौदा.

तमिळनाडूत पक्षांनी जाहीरनाम्यात रंगीत टीव्ही, मिक्सर अशा वस्तूंची आश्वासनं दिली, तेव्हा हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरत नाहीत. मात्र फुकटच्या वस्तूंचा मतदारांवर परिणाम होतो आणि निवडणुकीचा समतोल ढळतो, हे मान्य करून जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक सूचना करायला निवडणूक आयोगाला सांगितलं. पुढं आचारसंहितेत तसा भाग जोडला गेला. योजना चांगली की वाईट हा राजकारणाचा वाद राहीलच. कायद्याची रेषा एवढीच की सरकारी योजनेचा लाभ निकषात बसणाऱ्या सगळ्यांना मिळतो, आणि पाकीट फक्त मत देणाऱ्याला.

शिक्षा काय?

लाच देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कलम १७३ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ऐकायला शिक्षा छोटी वाटते. खरा फटका पुढं आहे.

या गुन्ह्यात दोष सिद्ध झाला, नुसता दंड जरी झाला, तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दोषी ठरल्यापासून सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. कैद झाली तर सुटल्यानंतर आणखी सहा वर्षं. विधानसभेला अपात्र ठरलेला माणूस पंचायतीलाही अपात्र, असं राज्यघटनेचं कलम २४३ (एफ) सांगतं. म्हणजे आमदारकी सोडाच, ग्रामपंचायत सदस्यही होता येत नाही.

घेणाऱ्या मतदारासाठीही तरतूद आहे, जी फार कुणाला ठाऊक नसते. कलम ११ (अ) प्रमाणे या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचा लोकसभा-विधानसभेच्या मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी जातो. पाचशे-हजारासाठी मतदानकेंद्राचा दरवाजाच बंद होतो.

यापलीकडे आयोग निवडणूकच रद्द करू शकतो. पैसे वाटल्याच्या कारणावरून तमिळनाडूत २०१६ मध्ये अरवाकुरिची आणि तंजावर या विधानसभा मतदारसंघांची, २०१७ मध्ये आर. के. नगरची पोटनिवडणूक आणि एप्रिल २०१९ मध्ये वेल्लोर लोकसभा मतदारसंघाची निवडणूक रद्द झाली होती.

मग एवढे गुन्हे का दाखल होत नाहीत?

कारणं तीन. एक, लाचेचा हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तक्रार दिली आणि लगेच अटक झाली, असं इथं होत नाही. दोन, देणारा आणि घेणारा दोघंही आरोपी. त्यामुळं साक्ष द्यायला कुणी पुढं येत नाही. तीन, पाकीट उमेदवार स्वतः देत नाही, चार हात बदलून ते येतं. उमेदवार म्हणतो, ‘मला माहीतच नाही.’ वाटणारा फौजदारीत सापडतो, पण निवडून आलेल्याचं पद जायचं असेल तर त्याची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची संमती होती, हे न्यायालयात ठोस पुराव्यानं दाखवावं लागतं.

म्हणून तक्रार करताना पुरावा महत्त्वाचा. व्हिडिओ असेल तर तो ज्या मोबाइलमध्ये काढला त्यातच मूळ स्वरूपात जपून ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा हातांतून फिरलेली क्लिप न्यायालयात टिकवणं अवघड जातं. तारीख, वेळ, ठिकाण, हजर माणसं लगेच लिहून ठेवावीत. पैसे मोबाइलवरून आले असतील तर त्या व्यवहाराची नोंद बँकेत राहते. उगाच कुणाला अडकवायला खोटी तक्रार मात्र करू नये, ती उलटते.

तक्रार कुठे करायची?

लोकसभा-विधानसभेला भारत निवडणूक आयोगाचं ‘सी-व्हिजिल’ हे ॲप आहे. त्यात जागेवरूनच फोटो किंवा व्हिडिओ काढून पाठवायचा असतो. गॅलरीतला जुना व्हिडिओ चालत नाही. ठिकाण ॲप आपोआप टिपतं. नाव न देताही तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत कार्यवाही व्हावी, असं आयोगानं ठरवलं आहे. १९५० हा मदत क्रमांकही आहे.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथं तक्रार निवडणूक निर्णय अधिकारी, तहसीलदार कार्यालय किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आचारसंहिता कक्षाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. वाटप चालू असतानाच कळवायचं असेल तर ११२ वर फोन करावा.

दूध संघ, साखर कारखाना, विकास सोसायटी यांच्या निवडणुका सहकार कायद्याखाली राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण घेतं. ‘ठराव’ कुणाच्या नावावर यावरून होणारं राजकारण जिल्ह्याला नवं नाही. तिथल्या तक्रारी त्या प्राधिकरणाच्या निवडणूक अधिकाऱ्याकडेच द्याव्या लागतात.

आपली स्वतःची रोकड घेऊन जाताना

आचारसंहितेत नाक्यानाक्यावर भरारी पथकं आणि स्थिर पथकं उभी असतात. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या गाडीत ५० हजारांपेक्षा जास्त रोकड किंवा १० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वाटपाच्या वस्तू सापडल्या, तर त्या जप्त होऊ शकतात. १० लाखांवर रक्कम असेल तर आयकर खात्याला कळवलं जातं.

सामान्य माणसाला रोकड न्यायला बंदी नाही. पण गुळाची पट्टी, म्हैस विकल्याची पावती, बँकेतून काढल्याची नोंद, लग्नाची पत्रिका, दवाखान्याचा कागद असं काहीतरी जवळ असावं. तरीही पैसे जप्त झाले तर पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. लोकसभा-विधानसभेच्या वेळी अशा रकमा परत करण्यासाठी जिल्ह्याला तीन अधिकाऱ्यांची समिती असते. पैशांचा निवडणुकीशी संबंध नाही असं दिसलं तर समिती ते सोडते, आणि गुन्हा दाखल नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपेक्षा जास्त रक्कम अडकवून ठेवायची नाही, असा नियम आहे.

आपलं मत कुणाला कळतं का?

‘मशीनमध्ये सगळं दिसतं, कुणी दिलं नाही ते कळतं’ ही अफवा पाकीट देणारेच पसरवतात. केंद्रावर किंवा प्रभागात कुणाला किती मतं पडली, एवढंच मोजणीत कळतं. कुठल्या माणसानं कुणाला मत दिलं हे मशीन सांगत नाही, आणि न्यायालयातही मतदाराला ते सांगायची सक्ती करता येत नाही. ‘फोटो काढून दाखव’ असं कुणी म्हटलं तर ते मतदानाच्या गुप्ततेच्या नियमाविरुद्ध आहे, ऐकायचं कारण नाही.

निकाल लागल्यावर दाद मागायची तर मुदत विसरू नका

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं असेल तर निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. उमेदवारच नव्हे, त्या निवडणुकीतला मतदारही तो करू शकतो. जिल्हा परिषद-पंचायत समितीसाठी जिल्हा न्यायाधीशांकडे जावं लागतं, तिथंही मुदत १५ दिवसांचीच. लोकसभा-विधानसभेसाठी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, मुदत ४५ दिवस. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणाऱ्याचं प्रकरण दारातच अडतं.

शेवटी हिशेब गावाचाच

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं सरपंचांचं मानधन दुप्पट केलं. लोकसंख्येप्रमाणे ते आता महिन्याला ६ ते १० हजार रुपये आहे. सगळ्यात मोठ्या गावाच्या सरपंचाचं पाच वर्षांचं मानधन धरलं तरी होतात ६ लाख. विधानसभेच्या उमेदवारालासुद्धा खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे.

आता गावातला हिशेब मांडू. हजार मतदारांना हजार-हजार वाटले तर एका रात्रीत १० लाख जातात. मानधनातून तर ते निघत नाहीत. मग ते निघतात गटारीच्या बिलातून, रस्त्याच्या डांबरातून, पाणी योजनेच्या पाइपातून, दाखल्यासाठी घातलेल्या हेलपाट्यांतून. पुढच्या पावसाळ्यात गल्लीतला रस्ता उखडला आणि ‘सरपंच, हे कसं झालं?’ म्हणून विचारायला गेलं, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘फुकट मत दिलं नव्हतंस.’ पाकीट घेतलेल्या माणसाला तिथून गप्प परत यावं लागतं. ज्यानं घेतलं नाही, त्याला ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं.